विसावा कोठे घ्यावा?



संतसज्जनहो, कीर्तनसेवेच्या निमित्ताने आमचे मुंबईच्या उपनगरांत पुष्कळ जाणे-येणे असते. तेथे एक शब्द आमच्या कानांवर इतक्या वेळा पडतो, की आता तो आम्हांस मराठीच वाटू लागला आहे. तो शब्द 'टेन्शन'. बोरिवलीचा कारकून तो उच्चारतो, घाटकोपरचा दुकानदार उच्चारतो, मुलुंडच्या आजीबाई उच्चारतात आणि अंधेरीचा दहावीत गेलेला नातूही उच्चारतो. शब्द परका खरा, पण दुखणे घरचेच. मराठीत त्याला ताण म्हणावे. 'तन्' म्हणजे ताणणे, पसरणे, या धातूच्या घरचा हा शब्द. तंतू आणि तान ही त्याची भावंडे. म्हणून ताणाची सरसकट निंदा आम्ही करणार नाही. तार ताणल्यावाचून वीणा बोलत नाही, वादी ओढल्यावाचून मृदंग बोलत नाही, आणि मुलाच्या फीची मुळीच काळजी नसलेला बाप वेळेवर कामाला जाईल, असा भरवसा आम्हांस तरी नाही. संसार म्हटला की ओढ आलीच. प्रश्न येतो तो पुढे. ही ओढ सैल कधी करायची, किती वेळ, आणि ती सैल करण्याचे काम कोणाचे, याचा काही नेम आपण घातला आहे काय?

वारकऱ्यास याचे उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. आपल्या वारीत त्यासाठी एक गोड शब्द आहे, 'विसावा'. संस्कृतातला विश्राम प्राकृताच्या उंबऱ्यावरून मराठीत आला तो विसावा होऊन. आळंदीहून माउलींची पालखी निघते ती सुमारे अडीचशे किलोमीटर चालून पंढरीस पोचते. पुण्याचा मुक्काम, मग दिवेघाट चढून सासवड, पुढे जेजुरी, वाल्हे, नीरेचे स्नान, लोणंद, तरडगाव, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. या सोहळ्याचे वेळापत्रक दरवर्षी छापले जाते. ते हातात घेऊन पाहा. रात्रीचे मुक्काम तर त्यात असतातच, पण सकाळचा विसावा अमुक ठिकाणी, दुपारचा विसावा अमुक ठिकाणी, हेही गावाच्या नावानिशी आधीच नेमलेले असते. दमल्यावर जागा शोधू, असा तेथे कारभार नाही. पुण्याहून सासवडची मजल सर्वांत लांब, त्यात घाटाची चढण. म्हणून सासवडला पालखी दोन रात्री राहते. ज्याने कोणी हे बसवले त्याला माणसाच्या पोटऱ्या ठाऊक होत्या. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्यास शिस्त लावली. ते शिंदे सरकारच्या पदरचे सरदार. फौज कूच करताना किती चालते, कोठे थांबते, कोठे पाणी पिते, हे जाणणारा माणूस. भक्तीला त्यांनी फौजेची शिस्त दिली, आणि त्या शिस्तीत चालण्याइतकेच थांबण्याला महत्त्व दिले.

विसाव्याचा आणखी एक कायदा आहे. पालखी थांबली की सगळेच थांबतात. ज्याच्या पायांत अजून बळ आहे त्याला पुढे धावता येत नाही, आणि ज्याचे पाय सुजले आहेत त्याला, माझ्यामुळे सगळे खोळंबले, अशी लाज वाटत नाही. हा कायदा ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता उपनगराकडे येऊ. वारी म्हणजे तरी काय? पुनःपुन्हा जाणे आणि येणे. मग बोरिवलीहून चर्चगेटला रोज जाऊन-येऊन असणारा मनुष्य वारकरीच झाला! सुमारे ३४ किलोमीटर जाणे, तितकेच येणे. पायी वारीतल्या तीन मजलांहून अधिक वाट तो एका दिवसात तोडतो. मुलुंडचा मनुष्य मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जातो, त्याचेही थोडेफार असेच. १८५३ साली १६ एप्रिलला बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती याच मुलुंडच्या अंगाने. १९२८ साली पश्चिम बाजूस बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली. २०१४ च्या जूनमध्ये वर्सोव्याहून अंधेरीवरून घाटकोपरपर्यंत मेट्रो सुरू झाली. बसमध्ये एक-दीड तास घाम गाळून जो प्रवास व्हायचा, तो वीस-बावीस मिनिटांवर आला. आम्ही त्या मेट्रोने गेलो आहोत. उत्तम गाडी आहे, गारवा आहे. पण आम्ही तेथल्या मंडळींस विचारतो, बाबांनो, वाचलेला तो तास गेला कोठे? कोणी म्हणतो, कचेरीतून आता उशिरा सुटतो. कोणी म्हणतो, जवळ झाले म्हणून आणखी एक काम अंगावर घेतले. कोणी खिशातला फोन नुसता काढून दाखवतो. वाट कमी झाली आणि विसावा वाढला, असे सांगणारा आम्हांस क्वचित भेटतो. वेळ वाचल्याने विसावा मिळत नाही. तो वारीच्या वेळापत्रकासारखा आधी नेमून ठेवावा लागतो, नाही तर रिकाम्या जागेत दुसरेच बिऱ्हाड येऊन बसते.

याचा उलटा अनुभवही आपण घेतला. २०२० सालच्या मार्च महिन्यात साथीमुळे सर्वसामान्यांसाठी लोकल बंद झाली. ती धावपळ नाही, गर्दी नाही, आठ-बावीस चुकण्याची धाकधूक नाही. त्या वर्षी संतांच्या पादुका एस. टी. च्या गाडीने पंढरीस गेल्या. एरवी लोक म्हणत, चार दिवस घरी बसायला मिळाले तर किती बरे. चार दिवस सोडून महिनेच्या महिने मिळाले. पण विसावा मिळाला काय? पगाराची चिंता, म्हाताऱ्यांची चिंता, एका खोलीत सहा माणसे, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत आकड्यांच्या बातम्या. देह घरात बसला आणि मन मात्र विरार ते चर्चगेट धावत राहिले. तेव्हा नुसते थांबणे म्हणजे विसावा नव्हे, हेही पक्के झाले. पाठीवरचे गाठोडे उतरवून मग ओट्यावर टेकावे, तो विसावा. गाठोडे पाठीवर तसेच ठेवून बसले, तर उठताना कंबर अधिकच दुखते.

या नगरीचे आणखी एक सांगतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. माणसे रात्रभर गळ्याइतक्या पाण्यातून घरी चालत आली. पुढच्याच वर्षी ११ जुलैला पश्चिम मार्गावरच्या गाड्यांत बाँबस्फोट झाले. बोरिवली, जोगेश्वरी, खार, माहीम ही नावे ऐकताना अजून अनेकांच्या पोटात गोळा येतो. दुसऱ्या दिवशी लोक कामावर गेले, म्हणून त्यांच्या धैर्याची फार वाखाणणी झाली. धैर्य होतेच. पण घरी राहिले तर चूल कशी पेटायची, हाही हिशेब त्यामागे होता. त्या भयाला कोणी विसावा दिला नाही, ते तसेच आत दडपून राहिले. कीर्तनानंतर पाया पडायला आलेला एखादा साठीचा गृहस्थ कारण नसताना ओक्साबोक्शी रडतो, तेव्हा आम्ही त्याला कारण विचारीत नाही. रडू देतो. तोही विसावाच.

असो. शास्त्र काय म्हणते ते पाहू. श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात योगाचे प्रकरण आहे. योग म्हटला की लोकांस वाटते, गुहा, मृगाजिन, उपास आणि जागरण. पण भगवंतांनी तेथे आहार, विहार, कर्मे, झोप आणि जागरण या सर्वांना मिळून एकच विशेषण लावले आहे, 'युक्त'. युक्त म्हणजे बेताचे, जेथल्या तेथे जोडलेले. यात 'विहार' शब्द आहे हे लोक विसरतात. आहारासंबंधी आमच्या श्रोत्यांना तोंडपाठ असते, विहाराचे कोणी विचारीत नाही. विहार म्हणजे मोकळेपणी हिंडणे, मनाला थोडे रानात सोडणे. बोरिवलीच्या मंडळींच्या तर उशाला कान्हेरीचा डोंगर आहे. शंभराहून अधिक लेणी, आणि त्या लेण्यांतून बसण्या-निजण्यासाठी दगडाचे ओटे, पावसाचे पाणी साठवण्यासाठी कोरलेली टाकी. ज्यांनी सर्वस्व टाकले त्या भिक्षूंनीसुद्धा पावसाळ्यात तीन महिने एका जागी स्थिर राहण्याची सोय करून ठेवली होती, आणि त्यांच्या निवासाला नावही विहार असेच आहे. आपला चातुर्मासही त्याच पावसात बसतो. बोरिवलीत वीस-वीस वर्षे राहून कान्हेरीची पायरी न चढलेली माणसे आम्हांस ठाऊक आहेत. पहाटे तासभर त्या झाडांखालून नाम घेत चालावे. त्याला पैसा पडत नाही असे नाही, उद्यानात शिरायला तिकीट आहे, पण डॉक्टराच्या फीपेक्षा ते स्वस्त आहे.

त्याच अध्यायात पुढे अर्जुन तक्रार करतो, की हे मन वाऱ्यासारखे आहे, याला आवरावे कसे. येथे भगवंतांचे उत्तर फार जपून वाचावे. ते अर्जुनावर रागावत नाहीत. तुला साधे मन आवरत नाही, असेही म्हणत नाहीत. ते आधी कबूल करतात, की होय, कठीण आहे खरे. आणि मग उपाय सांगतात, अभ्यास आणि वैराग्य. आमच्या मते आधीची ती कबुली हाच अर्धा उपाय आहे. घरात कोणी म्हणाले, मला फार घाबरल्यासारखे होते, तर आपण पटकन म्हणतो, 'त्यात काय एवढं? देवाचं नाव घे, सगळं ठीक होईल.' प्रत्यक्ष देव असे म्हणाला नाही! तो म्हणाला, कठीण आहे. मग आपण देवापेक्षा मोठे कशाला व्हावे?

आता अभ्यासाचे. नामस्मरणाने मन शांत होते हे आपल्याला संतांनी सांगितले आहे, त्याला दुसऱ्या साक्षीची गरज नाही. तरी आजकालची शिकलेली मुले विचारतात म्हणून सांगतो. २००१ साली इटलीतल्या पाविआ या गावच्या बर्नार्दी नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी २३ निरोगी माणसांवर एक प्रयोग केला आणि तो विलायतेच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ख्रिस्ती लोकांची जपमाळेची प्रार्थना आणि आपल्याकडचा एक मंत्र त्यांनी या माणसांकडून म्हणवून घेतला. दोन्हींचा परिणाम सारखाच निघाला. एरवी माणूस मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो. ते म्हणत असताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाची व रक्तदाबाची लय त्याच्याशी जुळली. यात आम्हांस नवल वाटले नाही. अभंगाचे चरण म्हणताना श्वास आपोआप लांब सुटतो, टाळाच्या ठेक्यावर पुन्हा भरतो. पण यातली मेख ध्यानात घ्या. हे सावकाश म्हटले तर घडते. काही मंडळी हरिपाठ असा म्हणतात, की जणू मागून गाडी सुटते आहे. अर्ध्या तासाचा हरिपाठ बारा मिनिटांत उरकला, याचा त्यांस अभिमान असतो. त्यांनी पाठ पुरा केला, विसावा मात्र वाटेत सांडला.

गाडीतल्या भजनाविषयी आम्हांस नेहमी विचारतात, तेही येथेच सांगून टाकू. पश्चिम आणि मध्य, दोन्ही मार्गांच्या लोकलगाड्यांतून भजनी मंडळे आहेत. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, हातात टाळ, गळ्यात लहानसा ढोलक. दसऱ्याच्या सुमारास तर डब्याला झेंडूची तोरणे लागतात. कचेरीला जाणाऱ्या माणसाने वाटेतच विसावा निर्माण केला, ही फार मोठी गोष्ट. गिरण्यांच्या वस्तीतली भजनाची परंपरा माणसांबरोबर उपनगरांत गेली आणि चाकांवर चढली. आम्हांस तिचे कौतुक आहे. परंतु त्याच डब्यात रात्रपाळी करून आलेला कोणी खिडकीला डोके टेकून झोपायला बघतो आहे. कोणाच्या घरी आजारपण आहे. कोणाची परीक्षा आहे. त्याच्या कानाशी पत्र्यावर थापा पडल्या, तर आपला विसावा त्याच्या पाठीवरचे ओझे झाला. सहप्रवाशांना उपद्रव देणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्यानेही गुन्हाच आहे. आणि कायदा नसता तरी वैष्णवाला ते शोभत नाही. भजन करावे, पण आवाज डब्याचा मान राखून. कोणी हात जोडून म्हणाला, 'माऊली, जरा हळू', तर त्याच्यावर डोळे वटारू नयेत. ज्याला माऊली म्हणायचे त्याची झोप मोडायची, हे कसले भजन?

त्याच गाडीत आम्हांस भजनाइतकीच मोलाची वाटणारी एक रीत आहे. दुसऱ्या वर्गाच्या बाकावर जागा तिघांची, पण बसतात चौघे. ती 'चौथी सीट'. अर्धे अंग बाकावर, अर्धे वाऱ्यावर, तरी बसणाऱ्याचा चेहरा पाहावा, जणू सिंहासन मिळाले. आणि कित्येक टोळक्यांत असाही अलिखित करार असतो, की पहिल्यापासून बसून आलेल्याने अर्ध्या वाटेवर उठावे आणि उभ्याने बसावे. कोणी शिकवले हे? कोणत्या पोथीत लिहिले आहे? वारीत पालखी थांबली की सगळे थांबतात, तो कायदा येथे गर्दीच्या डब्यात माणसांनी आपल्या आपण पाळला. विसावा एकट्याने घेण्याची वस्तू नव्हे, तो एकमेकांना द्यायचा असतो, हे आम्ही चौथ्या सीटकडे बघून सांगतो तेव्हा श्रोते हसतात, पण मान डोलावतात.

कोणी म्हणेल, महाराज, विश्रांती मागणे म्हणजे भक्तीत उणेपणा नव्हे काय? विठोबा युगानुयुगे विटेवर उभा आहे, आणि आम्ही ओटा शोधायचा? त्यांना आम्ही पंढरीचा उपचार सांगतो. आषाढीच्या यात्रेआधी देवाचा पलंग काढतात. मग देवाला निद्रा नाही. रात्रंदिवस दर्शन सुरू. पाठीशी टेकायला म्हणून कापसाचा लोड देतात. लाखो लेकरे येतात, पायांवर डोके ठेवतात, आपापली गाऱ्हाणी सांगतात. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. देवाच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, ऊन पाण्याने स्नान घालतात, पलंग पुन्हा शेजघरात येतो, आणि रात्री शीण जावा म्हणून औषधी काढ्याचा नैवेद्य दाखवतात. रुक्मिणीमातेलाही तसेच. आता सांगा, परब्रह्माला शीण येतो काय? वेदान्ताच्या दृष्टीने येत नाही. पण आपल्या पूर्वजांनी वेदान्त क्षणभर बाजूस ठेवला आणि देवाचे पाय चोळले. जो देव सर्वांची गाऱ्हाणी ऐकतो त्यालाही काढा लागतो, असे ज्यांनी मानले, त्यांच्या मुलाबाळांनी आपल्या शिणाची लाज बाळगू नये.

आणि ज्याला पंढरीस जायला रजाच मिळत नाही त्याने सावतोबांकडे पाहावे. अरणच्या मळ्यातली खुरपणी त्यांनी सोडली नाही. आजही पांडुरंगाची पालखी पंढरीहून अरणला त्यांच्या भेटीस जाते. भक्त जागचा हलत नाही आणि देव चालत येतो, असा हा उलटा सोहळा आहे.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. शीण वेगळा आणि रोग वेगळा. आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्न गोड लागत नाही, छातीत धडधडते, जगूच नये असे वाटते, अशी अवस्था आली तर बुक्का-अंगारा लावून घरी बसू नये. वारीत पायाला फोड आला तर आपण फिरत्या दवाखान्यात जातो ना? तेव्हा कोणी म्हणत नाही, की याची भक्ती कमी पडली. मनाच्या फोडाचेही तसेच. सरकारने २०२२ सालापासून 'टेलिमानस' नावाची सोय केली आहे. १४४१६ या क्रमांकावर फोन केला तर पैसे न देता बोलता येते, आपल्या भाषेत. नाम सोडू नये, डॉक्टरही सोडू नये.

आता ज्या प्रसंगाने हा लेख लिहावासा वाटला, तो सांगतो. मुलुंडला एका वसाहतीत सप्ताह होता. आम्ही कीर्तनात हेच विसाव्याचे निरूपण केले. देवाचा काढा सांगितला, चौथी सीट सांगितली, लोक हसले. आरतीनंतर एक बाई पुढे आल्या. चाळिशीच्या असतील. म्हणाल्या, 'महाराज, रागावू नका, एक विचारते. विसावा सगळ्यांना सांगितलात, पण तो घेतं कोण?' आम्ही म्हटले, बोला. त्या सांगू लागल्या. पहाटे पाचला उठायचे, चार डबे करायचे, सासूबाईंचे औषधपाणी, मग मुलुंडहून घाटकोपर लोकलने, घाटकोपरहून अंधेरी मेट्रोने. अंधेरीला नोकरी. संध्याकाळी तशाच उलट पावली घरी. 'हे साडेसातला टाळ घेऊन भजनाला जातात. त्यांचं मन मोकळं होतं, हसत परत येतात, मला बरं वाटतं. पण ते टाळ वाजवतात तेव्हा मी भाकऱ्या थापते. आवाज खिडकीतून येतो तेवढाच माझा हरिपाठ.' तक्रारीचा सूर नव्हता. त्यामुळेच ते अधिक लागले.

आम्ही मंडळाच्या पुरुषांना तेथेच बसवून घेतले. विचारले, सप्ताहात वीणा कोण धरतो? म्हणाले, पाळीपाळीने, दोन-दोन तासांचा पहारा आहे. आणि दोन तास झाल्यावर? 'दुसरा येतोच, महाराज. वीणा खाली ठेवता येत नाही ना!' दुसरा आलाच नाही तर? 'असं होतच नाही. एखाद्याला उशीर झाला तर तिसरा कोणी धावतो. एकाच्याच गळ्यात किती वेळ ठेवणार?' मग आम्ही विचारले, की घरातली वीणा कोणाच्या गळ्यात आहे, आणि तिचा पहारा किती वर्षांत बदलला आहे? कोणी काही बोलेना. एक म्हातारे गृहस्थ खाली बघत म्हणाले, 'लग्न झाल्यापासून तिच्याच गळ्यात आहे.'

तेव्हा जनाबाईंची गोष्ट आम्ही त्यांना पुन्हा सांगितली. सगळ्यांना ती पाठ आहे. चित्रेही घराघरांत लावलेली आहेत. नामदेवरायांच्या घरची दासी, पहाटेचे दळण, आणि जात्याच्या खुंट्याला हात लावून बसलेला पांडुरंग. त्या चित्रापुढे आपण उदबत्ती लावतो आणि स्वयंपाकघराकडे पाठ करून भजनाला जातो. वास्तविक देवाने तेथे काय केले? जनाबाईंना विश्रांतीवर प्रवचन दिले नाही. त्यांच्या हातातला खुंटा धरला. दळण थांबले नाही, हात बदलला. वीणा जमिनीवर न ठेवता गळा बदलतो, तसेच. संसाराची वीणा खाली ठेवता येत नाही, हे आम्हांसही मान्य आहे. सासूबाईंना औषध वेळेवर द्यावेच लागते, भाकरी व्हावीच लागते. पण दोन तासांनी दुसरा उभा राहिला पाहिजे.

त्या रात्री काही मोठा ठराव झाला नाही. टाळ पिशवीत गेले, लोक घरी गेले. चार महिन्यांनी पुन्हा त्या बाजूस जाण्याचा योग आला तेव्हा आम्ही मुद्दाम चौकशी केली. मंडळाने हरिपाठाची वेळ साडेसातची साडेआठ केली होती. देवळाच्या फळ्यावर सप्ताहात जशी पहाऱ्याची यादी लावतात, तशी यादी होती. पण तीत वीणेऐवजी घरांची नावे होती, आणि पुढे वार. त्या त्या वारी त्या घरचा पुरुष भजनाला येत नाही, घरची बाई येते. पाच घरांनी सुरुवात केली, दोघांचे पंधरा दिवसांत बारगळले, तीन घरांचे चालू आहे. सासूबाईंचे औषध आता नातू देतो, कारण त्याच्या फोनात गजर लावलेला आहे. फोनाचे एवढे एक सत्कार्य आमच्या पाहण्यात आले. त्या बाई मंगळवारी आणि शुक्रवारी पुढच्या रांगेत बसतात. पहिल्या आठवड्यात त्यांना भजनात डुलकी लागली, असे शेजारणीने हसत सांगितले. आम्ही म्हटले, लागू दे, कोणी उठवू नका. त्यांचे यजमान मंगळवारी भाकऱ्या थापतात. एका बाजूने करपतात म्हणे, आणि मुले त्या गुळाबरोबर खातात.